टॅरोचे पान आणि राहून गेलेली आवड

कोल्हापूरपासून खाली कोकणापर्यंतच्या पट्ट्यात देवाला कौल लावण्याची रीत अजून टिकून आहे. मूर्तीला फुले किंवा पाकळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न सांगायचा, आणि कोणत्या बाजूचे फूल आधी पडते त्यावरून होकार की नकार ते समजून घ्यायचे, असा त्याचा साधारण प्रकार असतो. टॅरोचे पत्ते हाती आले की आपल्याकडची बहुतेक माणसे त्यांच्याकडूनही नेमका असाच कौल मागतात: बदली होईल का, मुलीचे लग्न यंदा ठरेल का, गावाकडच्या जमिनीचा वाद मिटेल का. मीही काही वर्षांपूर्वी पत्ते विकत घेतले ते याच भावनेने, आणि वर्षभरात कंटाळून कपाटात टाकले. पुढे ते पुन्हा बाहेर काढले तेव्हा त्यांचा उपयोग एका वेगळ्याच कामासाठी होऊ लागला. संसाराच्या आणि नोकरीच्या रगाड्यात आपल्यातले काय बाजूला पडले ते आठवणे, आणि त्या दिशेने जाणारी एखादी लहानशी संधी समोर आली तर ती हातची जाऊ न देणे, एवढेच ते काम आहे. पत्त्यांना भविष्य कळते असे मी मानत नाही, आणि पुढे सांगितलेल्या रीतीसाठी तसे मानण्याची गरजही पडत नाही.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात. त्यांपैकी २२ मोठी पाने स्वतंत्र चित्रांची असून त्यांवर बहुधा ० ते २१ असे क्रमांक असतात, तर उरलेली ५६ पाने पेले, तलवारी, नाणी आणि काठ्या अशा चार रंगांत प्रत्येकी १४ याप्रमाणे विभागलेली असतात. आपल्या नेहमीच्या पत्त्यांशी जोडून पाहायचे तर पेल्यांना बदाम, तलवारींना इस्पिक, नाण्यांना चौकट आणि काठ्यांना किलवर समजण्याची पद्धत आहे. फरक इतकाच की राजा, राणी आणि गुलाम यांच्या जोडीला येथे एक घोडेस्वारही असतो. हे पत्ते मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले, आणि त्यांवरून भाकिते सांगण्याचा प्रघात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रूढ झाला. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे लोक या पत्त्यांनी मुख्यतः डावच मांडत होते, ही गोष्ट पत्त्यांच्या गूढपणाने दबून जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

आज बाजारात मिळणारे बहुतेक संच १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संचाच्या वळणावर बेतलेले असतात. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून काढली होती. त्यापूर्वीच्या बहुतेक संचांत लहान पानांवर नुसते पाच पेले किंवा सात तलवारी मांडलेल्या असत. पामेलाबाईंनी मात्र त्या पानांवरही माणसे आणली, त्यांना काहीतरी करताना दाखवले. आपल्या कामासाठी हाच संच घ्यावा असे मी सांगते ते याच कारणाने, कारण चित्रात माणूस असला की त्याच्याविषयी चार वाक्ये कोणालाही बोलता येतात. आंबोली घाट उतरून गेले की सावंतवाडीत दशावतारी गंजिफा, म्हणजे आपल्याकडचे जुन्या वळणाचे पत्ते, आजही हाताने रंगवली जाते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी तिची १२० गोल पाने पाहून टॅरोऐवजी तीच वापरावी असा मोह मलाही आधी झाला होता. परंतु गंजिफाच्या अंकांच्या पानांवर त्या त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते, तेथे घडणारा प्रसंग नसतो, त्यामुळे ती दिसायला कितीही देखणी असली तरी या कामी फारशी बोलत नाही. पहिला संच कोणीतरी भेटच द्यावा लागतो, स्वतः घेतला तर लाभत नाही, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकून घ्यावे आणि संच स्वतःच्या पैशाने घ्यावा. पान उलटे आले तर त्याचा उलटा अर्थ लावण्याचीही एक पद्धत आहे, परंतु सुरुवातीला तिच्यात शिरू नये आणि उलटे आलेले पान निमूटपणे सुलटे करून ठेवावे.

या साऱ्या रीतीत सर्वांत अवघड भाग पत्त्यांचा नसून प्रश्नाचा आहे. प्रश्न नीट झाला की नाही हे तपासण्यासाठी मी शाळेतल्या व्याकरणाची कसोटी वापरते: प्रश्नातल्या क्रियापदाचा कर्ता ‘मी’ असला पाहिजे. ‘माझी बढती होईल का?’ या प्रश्नात कर्ता बढती आहे, मी नुसती षष्ठीत बसून वाट पाहते आहे. तोच प्रश्न ‘बढतीच्या मुलाखतीआधी मी कोणाशी बोलायचे टाळते आहे?’ असा केला की पान उघडण्यापूर्वीच अर्धे उत्तर मनात हलू लागते. स्वतःकडे परत जाण्यासाठीचे प्रश्न याच घडणीचे असावेत: पूर्वी मी वेळेचे भान विसरून काय करत असे, ते मी नेमके कधी सोडले, सोडताना मी स्वतःला काय कारण सांगितले, आणि गेल्या महिन्याभरात कोणी मला काय देऊ केले ते मी पाहिलेच नाही. एका बैठकीला एकच प्रश्न घ्यावा आणि तो वहीत पूर्ण वाक्यात लिहावा, कारण मनात धरलेला प्रश्न पान पाहिल्यावर त्या पानाला सोयीचा होईल असा हळूच बदलतो.

बैठकीसाठी अर्धा तास पुरतो. रंकाळ्याच्या काठावर बसून पत्ते काढण्याची कल्पना रम्य वाटते, परंतु तेथे वारा पाने उडवतो आणि पाचव्या मिनिटाला कोणीतरी ‘आमचंबी बघा की’ म्हणत शेजारी येऊन बसते. त्यापेक्षा घरातली, दार लोटून घेता येईल अशी जागा बरी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. उदबत्ती, रेशमी रुमाल, स्फटिक यांची आवश्यकता नाही, मात्र ज्यांना त्याने मन स्थिर होते त्यांनी ते ठेवण्यास हरकत नाही. पत्ते रमी खेळताना पिसतो तसेच सात-आठ वेळा पिसावेत, एकदा काटावेत आणि वरचे पान उघडावे. पान कोणत्या हाताने काढावे यावर पुष्कळ वाद आहेत, ते सगळे सोडून द्यावेत.

पान उघडल्यावर अर्थ सांगणारे पुस्तक लगेच हाती घेऊ नये. पहिली दहा मिनिटे चित्रात जे दिसते तेवढेच वहीत लिहावे, आणि तेही साक्षीदार जबानी देतो तसे: कोण आहे, कोठे बसले आहे, हात कोठे आहेत, नजर कोठे आहे, आभाळ कसे आहे. मग चित्रातल्या ज्या एका तपशिलाकडे आपला डोळा पुन्हा पुन्हा जातो त्याखाली रेघ ओढावी. त्यानंतर, ‘माझ्या आयुष्यात हे कोठे आहे?’ एवढाच प्रश्न विचारून हात न थांबवता आणखी दहा मिनिटे लिहावे. पुस्तकातला अर्थ सर्वांत शेवटी पाहावा, आणि तो आपल्या लिहिण्याशी जुळला नाही तर आपले लिहिणे खोडू नये.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते सांगण्यासाठी माझ्याच वहीतले एक पान उघडते. माझे आजोबा गावचे कुलकर्णी होते आणि त्यांनी मला दहाव्या-अकराव्या वर्षी जुन्या दप्तरांतली मोडी लिपी वाचायला शिकवले होते. आधी कागदभर आडवी रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबकळवत जायचे, हे पाहताना मला फार गंमत वाटत असे. लग्नानंतर मंगळवार पेठेत आले, बँकेची नोकरी लागली, आणि मोडी सुटली ती सुटलीच. एका रविवारी ‘कोणी मला काय देऊ केले ते मी पाहिले नाही?’ हा प्रश्न लिहून पान काढले तर पेल्यांची चौकडी आली, म्हणजे चार पेल्यांचे पान. झाडाखाली एक तरुण मांडी घालून, हातांची घडी घालून बसला आहे, समोर गवतावर तीन पेले मांडलेले आहेत, आणि एका ढगातून बाहेर आलेला हात चौथा पेला त्याच्यापुढे धरून आहे, तरी तरुणाची नजर खाली आहे. पुस्तकातला अर्थ कंटाळा आणि असमाधान असा आहे. मी मात्र वहीत ‘हाताची घडी’ या शब्दांखाली रेघ ओढली होती, आणि लिहिता लिहिता मला महिन्यापूर्वीची एक संध्याकाळ आठवली.

गल्लीतले एक काका प्लास्टिकच्या पिशवीत जुना कागद घेऊन आले होते. ‘वहिनी, तुम्हाला मोडी येतंय म्हणं, एवढा कागद बघता काय?’ असे त्यांनी दारातूनच विचारले होते, आणि मी खरोखर हाताची घडी घालून ‘आता कुठलं येतंय, सगळं विसरले’ असे म्हणून त्यांना परत पाठवले होते. ते खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते. विसरले होते हे खरे, आणि पुन्हा जमले नाही तर हसे होईल ही भीतीही तितकीच खरी होती. पत्त्याने मला काही नवीन सांगितले नाही. त्याने मला दहा मिनिटे एका हाताच्या घडीकडे पाहत बसवले, आणि बाकीचे माझ्याच आठवणीने केले. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि कागदाची झेरॉक्स मागून आणली. पहिल्या दिवशी दोन ओळींपलीकडे काही लागले नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नाहीत हेसुद्धा मला नव्याने आठवावे लागले. तिसऱ्या दिवशी ‘पूर्वेस’ हा शब्द सुटला, त्यावरून ही चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींची नोंद, आहे हे कळले, आणि मग पश्चिम, दक्षिण, उत्तर यांच्या जागा आपोआप सापडल्या. कागद जमिनीच्या खरेदीखताचा होता. सगळा वाचायला मला पाच आठवडे लागले, आणि काकांनी त्याबद्दल आणून दिलेली गुळाची ढेप आम्ही तीन महिने पुरवली.

एका पानाची सवय झाल्यावर, म्हणजे साधारण महिन्याभराने, तीन पाने मांडता येतात. भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य अशी मांडणी सर्वत्र सांगितली जाते, परंतु तिसऱ्या जागेवर भविष्य लिहिले की मन पुन्हा कौल मागायला लागते, म्हणून मी त्या जागा बदलून घेतल्या आहेत: पहिले पान मी मागे काय ठेवले याचे, दुसरे आज हाताशी काय आहे याचे, आणि तिसरे वाटेत काय अडते याचे. या तिसऱ्या पानावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. पण किरणोत्सव जवळ आला की किरणांच्या वाटेत येणारे अडथळे मोजून ते दूर करण्याची खटपट आधीपासून चालते, हे मला अधिक शिकण्यासारखे वाटते. सूर्याला कोणी बोलावत नाही. वाट मात्र माणसांनी मोकळी ठेवावी लागते. तिसऱ्या पानापुढेही ‘हा अडथळा मी स्वतः या आठवड्यात हलवू शकते का?’ असे लिहावे, आणि उत्तर नाही असेल तर तो अडथळा तात्पुरता बाजूला ठेवून हलवता येईल असा दुसरा शोधावा.

बैठक संपण्यापूर्वी एक लहान कृती ठरलीच पाहिजे, नाही तर हा सगळा उद्योग सुंदर चित्रे पाहण्यापुरताच उरतो. लहान म्हणजे किती, याचे माझे माप असे आहे की ती कृती तासाभरात संपावी, तिला चहा-मिसळीपेक्षा फार जास्त खर्च येऊ नये, आणि ती येत्या रविवारपर्यंत करता यावी. ‘पुन्हा गाणे सुरू करणे’ ही कृती नव्हे. ‘बुधवारी संध्याकाळी माळ्यावरची पेटी खाली उतरवून तिचा भाता फाटला आहे का ते पाहणे’ ही कृती होय. कोल्हापुरात राहणाऱ्यांना अशा कृतींसाठी लांब जावे लागत नाही. १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन सभासदत्वाची चौकशी करणे, ज्यांनी पूर्वी जलरंग हाताळले आहेत त्यांनी पंचगंगेच्या घाटावर सकाळी सातला कागद घेऊन बसणे, आणि माझ्यासारख्यांनी करवीर संस्थानची दप्तरे जेथे जपली आहेत त्या पुरालेखागारात एक चक्कर टाकणे, ही सगळी तासाभराचीच कामे आहेत.

ठरलेली कृती लिहिताना तिला ‘जर-तर’ची जोड द्यावी. ठरवलेली गोष्ट केव्हा आणि कोठे करायची हे ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा रूपात आधीच पक्के केले, तर ती तडीस जाण्याचे प्रमाण वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आले आहे. अनपेक्षित संधीसाठी ही युक्ती विशेष उपयोगी पडते, कारण लहान संधी फार तर दोन मिनिटे दारात उभी राहते आणि तेवढ्यात आपल्या तोंडून जुन्या सवयीचे उत्तर निघून जाते. माझ्या वहीत त्या दिवसापासून एक वाक्य लिहिलेले आहे: कोणी मला मोडीविषयी काही विचारले, तर मी ‘येत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘कागद ठेवून जा, आठवड्याने सांगते’ असे म्हणेन.

आता काही खाचखळग्यांविषयी सांगायला हवे. मनासारखे पान आले नाही म्हणून पुन्हा पिसणे हा पहिला, आणि तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्यावर उपाय एवढाच की आलेले पान वहीत लिहून झाल्याशिवाय कॅटला हात लावायचा नाही. तेच पान पुन्हा आले म्हणजे काहीतरी संकेत आहे, असे वाटणे हा दुसरा. रोज सगळी ७८ पाने पिसून एक पान काढले, तर ११ दिवसांत एखादे तरी पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, हे गणित एकदा समजले की त्या योगायोगाची भीती उरत नाही. क्रमांक १३ चे मृत्यूचे पान पाहून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. त्यांनी पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा पाहून झाल्यावर चित्राची मागची बाजूही पाहावी; तेथे दोन मनोऱ्यांच्या मधोमध सूर्य काढलेला आहे.

‘अगदी माझ्याचबद्दल लिहिले आहे’ असे वाटणे हा खाचखळगा अधिक खोल आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे म्हणून एक वर्णन दिले, आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले, सरासरी ४.२६ गुण पडले, आणि मग कळले की सर्वांना एकच मजकूर दिलेला होता. म्हणून पुस्तकातल्या अर्थापेक्षा आपल्या वहीतल्या तारखा, माणसे आणि जागा महत्त्वाच्या मानाव्यात, कारण पिशवीतला तो कागद आणि दारातली ती संध्याकाळ दुसऱ्या कोणाला लागू पडत नाही.

दुसऱ्याकडून वाचन करून घेण्याच्या मी विरुद्ध नाही. समंजस माणूस समोर असेल तर त्याच्याशी बोलता बोलता पुष्कळ उलगडते. परंतु पाने पाहून घरातला दोष सांगायचा आणि तो घालवण्यासाठी हजारांत रक्कम मागायची, असा अनुभव मी घेतला आहे, आणि त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठले याचा मला आजही आनंद वाटतो. भीती घालून उपाय विकणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आजारपण, औषधे, कोर्टाची कामे आणि कर्ज यांचे निर्णय पत्त्यांपुढे ठेवूच नयेत. वहीत सलग दोन आठवडे निराशेशिवाय दुसरे काही उतरत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर कॅट बंद करून डॉक्टरांकडे जावे. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

रोज पान काढण्याची मला गरज वाटत नाही, आठवड्यातून एकदा पुरते. नाण्यांच्या सातव्या पानावर कुदळीवर रेलून आपल्या झुडपाकडे पाहत उभा राहिलेला एक शेतकरी आहे, आणि ज्याच्या घरी आडसाली ऊस आहे त्याला त्या चित्राचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. सोळा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या पिकाला कोणी रोज उपटून पाहत नाही. तीन महिन्यांनी वही पहिल्या पानापासून वाचावी. त्या वेळी पत्ते बाहेर काढू नयेत, फक्त लाल पेन घ्यावे, ठरलेल्या प्रत्येक कृतीपुढे ती झाली की राहिली हे लिहावे, आणि राहिलेल्यांपैकी जी कृती दोनदा किंवा तीनदा ठरवूनही झाली नाही तिच्याभोवती गोल करावा. पुढच्या बैठकीचा प्रश्न तेथूनच घ्यायचा असतो. माझ्या वहीत सध्या असा गोल ‘आजोबांचा बोरू भावाकडून मागून आणणे’ या ओळीभोवती आहे.